पॉइंटर-इव्हेंट्स (सीएसएस)

पॉइंटर-इव्हेंट्स हा सीएसएस या शैलीभाषेतील एक गुणधर्म आहे. संकेतपानावरील एखाद्या घटकाने माऊसची टिचकी, बोटाचा स्पर्श इत्यादी क्रिया स्वीकाराव्यात की नाही, हे या गुणधर्माने ठरते. दुसऱ्या घटकाखाली झाकल्या गेलेल्या दुव्यावर किंवा बटणावर टिचकी मारता यावी, यासाठी त्याचा विशेष उपयोग होतो.

कार्यपद्धती

वापरकर्त्याने टिचकी मारली की ब्राउझर त्या बिंदूवरील सर्वांत वरचा घटक शोधतो व टिचकी त्याच्याकडे सोपवतो. तेथून ती त्या घटकाला सामावणाऱ्या बाह्य घटकांपर्यंत जाते. केवळ दृश्यरूपाने खाली असलेल्या घटकाला मात्र मिळत नाही. पूर्णपणे पारदर्शक थरही टिचकी अडवतो, कारण पारदर्शकतेचा संबंध फक्त दिसण्याशी असतो. गुणधर्माचे मूल्य ‘नन’ ठेवल्यास ब्राउझर तो घटक वगळून त्याखालील घटक निवडतो. पूर्वनिर्धारित मूल्य ‘ऑटो’ असते.

उदाहरण

वर्धा जिल्ह्याच्या नकाशात आर्वी, आष्टी, कारंजा आदी आठ तालुक्यांच्या आकृत्यांना दुवे दिले आहेत आणि तालुक्यांची नावे संपूर्ण नकाशा व्यापणाऱ्या वेगळ्या पारदर्शक थरावर लिहिली आहेत, असे मानू. आर्वीची आकृती स्पष्ट दिसत असूनही तिच्यावरील टिचकी वरचा थर घेतो आणि दुवा उघडत नाही. त्या थराला ‘नन’ हे मूल्य दिल्यास नावे दिसत राहतात व दुवेही चालतात. हे मूल्य वारशाने आतील घटकांना मिळते. म्हणून त्याच थरात एखादे बटण असल्यास त्याला स्वतंत्रपणे ‘ऑटो’ द्यावे लागते.

झाकला गेलेला घटकच वर आणणे योग्य असेल, तेथे झेड-इंडेक्स हा गुणधर्म वापरतात.

इतिहास

हा गुणधर्म प्रथम २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या आलेखन-स्वरूपात आला. एचटीएमएल घटकांसाठी तो फायरफॉक्सच्या ३.६ (२०१०) व इंटरनेट एक्सप्लोररच्या ११ (२०१३) या आवृत्त्यांत उपलब्ध झाला.

मर्यादा

‘नन’ मूल्यामुळे कळफलकाचा वापर थांबत नाही. टॅब कळीने बटणापर्यंत पोहोचून एंटर कळीने ते दाबता येते. त्यामुळे अर्जातील ‘पाठवा’ बटण केवळ या गुणधर्माने बंद केल्यास अर्ज तरीही पाठवला जाऊ शकतो. त्यासाठी एचटीएमएलमधील ‘डिसेबल्ड’ हे विशेषण वापरणे व माहितीची सर्व्हरवर पडताळणी करणे आवश्यक असते.