‘ॲफबल’ : बोलका की बोलण्याजोगा?

विवाहेच्छुकांच्या परिचयपत्रात ‘मनमिळाऊ’ हा शब्द हमखास असतो. तोच परिचय इंग्रजीत लिहावयाचा झाला, की ‘ॲफबल’ हे विशेषण हाताशी येते. (उच्चार पहिल्या अक्षरावर जोर देऊन करावा, ‘अफेबल’ नव्हे.) शब्द सुंदर आहे, परंतु ‘मनमिळाऊ’ म्हणजे चारचौघांत मिसळणारा, ‘ॲफबल’चा रोख निराळा आहे.

त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘फारी’ म्हणजे बोलणे. ज्याला अद्याप बोलता येत नाही असे तान्हे मूल म्हणजे ‘इन्फन्ट’, हा शब्दही त्याच कुळातला. ‘वंदनीय’ म्हणजे वंदन करणारा नव्हे, तर ज्याला वंदन करावे असा. ‘ॲफबल’ची घडणही अशीच आहे : ज्याच्याशी सहज बोलता येते असा. अखंड बडबडणारा मनुष्य म्हणूनच या विशेषणास पात्र ठरेल असे नाही. त्याच्यापुढे दुसऱ्याला तोंड उघडण्यास वाव तरी कोठे मिळतो?

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या कोशात हा शब्द वरिष्ठांविषयी वापरला जातो, अशी नोंद केली आहे. मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात स्वर्गातून आदमशी बोलावयास आलेल्या राफेल या देवदूताला हेच विशेषण लावले. जेन ऑस्टिनच्या 1813 सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत तर त्याची दोन्ही रूपे भेटतात. आश्रित कॉलिन्स गर्विष्ठ लेडी कॅथरीनच्या या गुणाचे गोडवे गातो, तेव्हा वाचकाला हसू येते. डार्सीच्या घरची कारभारीण मात्र त्याच्या गरिबांशी वागण्याविषयी हाच शब्द उच्चारते, आणि नायिकेचे त्याच्याविषयीचे मत पालटू लागते. मालकाची खरी पारख त्याच्याकडे काम करणाऱ्यांच्या तोंडून होते, हे लेखिकेने अचूक हेरले आहे.

आजच्या इंग्रजीत वरिष्ठपणाची अट उरलेली नाही. शेजारी, सहप्रवासी, कोणीही ॲफबल असू शकतो. तरी पेढीवर जुना अर्थच अधिक उपयोगी पडतो. गिऱ्हाइकाशी साखरेसारखे गोड बोलणारा शेठ पुष्कळदा पाहावयास मिळतो. पण उधारी बुडाल्याची किंवा माल भिजल्याची बातमी मुनीमजी त्याला त्याच दिवशी सांगू धजतात काय? ते दोन दिवस बातमी दाबून ठेवत असतील, तर त्या शेठला ‘ॲफबल’ म्हणणे कठीण. नुकसान तर त्या दोन दिवसांत वाढलेलेच असते.

याच्या आसपासचे दोन शब्द व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत घोटाळा करतात. ‘एमिएबल’ म्हणजे लाघवी, प्रेमळ स्वभावाचा. तो माणसाला लावावा. ‘ॲमिकेबल’ लावावा तो व्यवहाराला : करारातील ‘ॲमिकेबल सेटलमेंट’ म्हणजे कोर्टाची पायरी न चढता सामोपचाराने केलेली तडजोड. भागीदारी मोडताना दोन्ही भागीदार तिरसट असले, तरी तडजोड ‘ॲमिकेबल’ होऊ शकते.