कोणासमोर गायचं?

‘हायस्कूल म्युझिकल’ २० जानेवारी २००६ रोजी अमेरिकेत डिस्ने चॅनेलवर पहिल्यांदा दाखवला गेला. सुमारे ४२ लाख डॉलरमध्ये, थिएटरसाठी नव्हे तर टीव्हीसाठी बनवलेला हा चित्रपट. पहिल्याच प्रक्षेपणाला त्याला जवळपास ७७ लाख प्रेक्षक लाभले आणि त्याच्या गाण्यांचा अल्बम त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपला. गोष्ट मात्र अगदी एवढीशी. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातली ईस्ट हाय ही शाळा, तिथल्या बास्केटबॉल संघाचा कप्तान ट्रॉय आणि शाळेत नव्यानं आलेली हुशार गॅब्रिएला. ही दोघं शाळेच्या संगीतिकेत गायचं मनात आणतात आणि सगळी शाळा बिथरते. बहुतेकांच्या आठवणीत हा चित्रपट कोवळ्या प्रेमाची गोष्ट म्हणून राहिला आहे. पण गाणी एकामागून एक नीट ऐकली, तर त्यांत प्रेमापेक्षा भीतीच जास्त सापडते. आपल्याला मनापासून काय आवडतं हे आपल्याच लोकांना कळेल, ही ती भीती. म्हणून इथलं प्रत्येक गाणं काय सांगतं याच्या आधी ते कोणासमोर गायलं जातं हे पाहायला हवं. गाण्यांचा श्रोतृवर्ग कसा वाढत जातो, हेच या चित्रपटाचं खरं कथानक आहे.

पहिलं गाणं ‘स्टार्ट ऑफ समथिंग न्यू’. बर्फाळ डोंगरातल्या हॉटेलात नववर्षाच्या आदल्या रात्री कराओके चालू आहे आणि दोघांना जवळजवळ ढकलूनच मंचावर चढवलं जातं. समोरची तरुण मंडळी पूर्ण अनोळखी, म्हणून हे गाणं शक्य होतं. शाळेतलं कोणी तिथं असतं तर ट्रॉयनं माइकला हातही लावला नसता. पुढचं ‘गेट्चा हेड इन द गेम’ शाळेतच, बास्केटबॉलच्या सरावात घडतं, पण ते ट्रॉयच्या डोक्यात चाललेलं गाणं आहे. चेंडूची आपट आणि बुटांची करकर हाच त्याचा ठेका. दिग्दर्शक केनी ऑर्टेगा यांनी ‘डर्टी डान्सिंग’ची नृत्यं बसवली होती आणि त्याआधी ‘झॅनाडू’च्या वेळी जीन केली यांच्या हाताखाली काम केलं होतं. नर्तक नसलेल्या माणसाच्या हालचालीतून नाच कसा उभा करायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सराव आणि नाच यांच्यात इथं सांधाच दिसत नाही. मैदानावरची मुलं नाचतच असतात, फक्त त्याला नाच म्हणायची त्यांची तयारी नसते.

तिसरी पायरी मला सगळ्यांत कौशल्याची वाटते. शार्पे आणि रायन ही बहीणभावंडं शाळेच्या रंगमंचावरची जुनी, मुरलेली जोडी. ऑडिशनमध्ये ती ‘व्हॉट आय हॅव बीन लुकिंग फॉर’ चटपटीत लयीत, हातवाऱ्यांसह, झोकात सादर करतात. ते गाणं जिनं रचलं ती केल्सी ही बुजरी मुलगी एका कोपऱ्यात पियानोजवळ उभी असते आणि तिचं कोणी ऐकून घेत नाही. सगळे पांगल्यावर ती तेच गाणं तिच्या मनातल्या संथ लयीत वाजवते, आणि ट्रॉय व गॅब्रिएला ते गातात. शब्द तेच, चाल तीच. बदलते ती लय आणि समोरची माणसं. जवळजवळ रिकाम्या सभागृहात त्या दोघांना आवाज चढवून काही सिद्ध करायचं नसतं. पटकथेत दहा संवाद घालूनही जो फरक पटवता आला नसता, तो एकाच गाण्याच्या दोन लयींनी दोन-तीन मिनिटांत कानाला पटतो. नेमकं हेच गाणं नाट्यशिक्षिका मिस डार्बस ऐकतात, आणि गुपित फुटतं.

ते फुटल्यावरचा स्फोट म्हणजे कँटीनमधलं ‘स्टिक टू द स्टेटस क्वो’. डेव्हिड लॉरेन्स आणि फे ग्रीनबर्ग यांचं हे गाणं चित्रपटाचा कणा आहे. कप्तान गाऊ शकतो म्हटल्यावर एक बास्केटबॉलपटू कबूल करतो की त्याला केक-पेस्ट्री भाजायला आवडतं. अभ्यासू टोळीतली मार्था सांगते की तिला हिपहॉप नाचायचं आहे. स्केटबोर्डवाला मुलगा चेलो वाजवतो. कबुली देणारा एकटा आणि त्याला गप्प करणारा सगळा कोरस, अशी या गाण्याची बांधणी आहे. कोरस एरवी नायकाची बाजू उचलून धरतो. इथं तोच पहारेकरी झाला आहे. कोणी खलनायक नाही, शिक्षक नाहीत, पालक नाहीत. मुलंच मुलांना आपापल्या टेबलावर परत बसवतात. शाळकरी वयातला धाक बहुतेक वेळा असाच, बरोबरीच्यांकडून येतो, आणि हे इतक्या नेमकेपणानं मांडणारं गाणं मला किशोरांच्या दुसऱ्या कुठल्या चित्रपटात सापडत नाही. पुढं ट्रॉयचे मित्र त्याच्याकडून गॅब्रिएलाबद्दल बेपर्वा शब्द वदवून घेतात आणि कॅमेऱ्यातून ते तिच्यापर्यंत पोहोचवतात. हा प्रसंगही त्याच सूत्रात बसतो. आपल्या लोकांसमोर ट्रॉय वेगळं बोलतो आणि ते भलत्याच कानांवर पडतं. त्यानंतर गॅब्रिएला एकटीच, कोणी ऐकत नसताना गाते. श्रोतृवर्ग पुन्हा शून्यावर येतो.

म्हणूनच जेमी ह्यूस्टन यांचं ‘ब्रेकिंग फ्री’ इतका परिणाम करतं. त्याची सुरुवात दबकी आहे. सभागृह माणसांनी भरत जातं आणि गॅब्रिएलाचा आवाज घशातच अडकतो. मग ती फक्त ट्रॉयकडे पाहून, अनोळखी लोकांपुढच्या त्या पहिल्या गाण्याची आठवण धरून गाऊ लागते. समोर आता संघ, वर्गमित्र, ट्रॉयचे प्रशिक्षक असलेले वडील, म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती सगळी माणसं असतात. हे गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत एका आठवड्यात ८६व्या क्रमांकावरून चौथ्यावर आलं. शेवटचं ‘वी आर ऑल इन धिस टुगेदर’ रंगमंचावर नाही, तर बास्केटबॉलच्या कोर्टवर होतं. जे गाणं सरावाच्या वेळी एका मुलाच्या डोक्यात कोंडलेलं होतं, ते त्याच जागी सगळ्या शाळेच्या तोंडी येतं.

यावर आक्षेप आहेत, आणि काही दमदार आहेत. पहिला आवाजाचा. पहिल्या चित्रपटात ट्रॉयच्या गाण्यांत, ती भूमिका करणाऱ्या झॅक एफ्रनच्या आवाजात ड्रू सीली या गायकाचा आवाज मिसळला होता. ज्या चित्रपटाचा विषयच स्वतःच्या आवाजात गाण्याचा आहे, त्यात हे खटकतं असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. पण पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना यात फसवणूक वाटायचं कारण नाही. पात्राचा आवाज आणि नटाचा आवाज एकच असला पाहिजे, असं आपल्या सिनेमानं कधी मानलंच नाही. शिवाय सीली हे ‘गेट्चा हेड इन द गेम’च्या गीतकार-संगीतकारांपैकी एक आहेत, आणि एफ्रन ‘हेअरस्प्रे’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात असताना या गाण्यांच्या दौऱ्यात ट्रॉयची गाणी तेच गायले. दुसऱ्या चित्रपटापासून एफ्रननं स्वतः गायला सुरुवात केली.

दुसरा आक्षेप शार्पेच्या चाहत्यांचा, आणि तो मला जास्त छळतो. शार्पे वर्षानुवर्षं मेहनत करते. तिला ताल कळतो, रंगमंच कळतो, ‘बॉप टू द टॉप’मध्ये तिचा दम दिसतो. मग वेळ टळून गेल्यावर उगवलेल्या दोन नवख्यांना मुख्य भूमिका का? चित्रपट तिच्यावर अन्याय करतो हे मान्य करायला हवं. तिच्या महत्त्वाकांक्षेला तो वेळोवेळी हास्यास्पद ठरवतो, आणि मेहनती मुलीला खाष्ट दाखवण्याची ही सवय काही चांगली नाही. तरीही गाण्यांच्या तर्कात तिचं स्थान स्पष्ट आहे. शार्पेला लोकांसमोर गायची भीती नाही, म्हणून तिच्या गाण्यात पणाला काहीच लागत नाही. आणि ऑडिशनमधलं ते गाणं केल्सीचं असताना शार्पे तिलाच दटावते. संगीतिका लिहिणाऱ्या मुलीला तिचा हक्क देणारी माणसं ट्रॉय आणि गॅब्रिएला आहेत, आणि हा निकष मला पुरेसा वाटतो.

हा सगळा विकण्यासाठी बेतलेला माल आहे, हा आक्षेप तर पहिल्या दिवसापासूनचा. डिस्नेनं अल्बम, दौरे, वस्तू सगळं विकलं यात वाद नाही. पण त्याच कंपनीनं संगीतिकेची रंगावृत्तीही शाळांना करायला दिली, आणि मुलांनी ती खरोखर रंगमंचावर उभी केली. पडद्यावरच्या मुलांना ज्याची भीती वाटत होती, ते प्रेक्षकांतल्या मुलांनी प्रत्यक्ष करून पाहिलं. नुसत्या मालाच्या बाबतीत असं सहसा घडत नाही.

खरी उणीव वेगळीच आहे, आणि ती याच मोजपट्टीनं उघडी पडते. ऑगस्ट २००७मध्ये आलेल्या दुसऱ्या चित्रपटातलं ‘आय डोन्ट डान्स’ हे तिन्ही भागांतलं सर्वांत अंगभर रंगलेलं गाणं. रायन आणि ट्रॉयचा मित्र चॅड बेसबॉल खेळता खेळता नाचावरून भांडतात, आणि पुढच्या दृश्यात दोघांनी एकमेकांचे कपडे घातलेले दिसतात. अनेक प्रेक्षकांना रायन समलिंगी आहे असं तेव्हाही जाणवत होतं, आणि पुढं ऑर्टेगा यांनीही मुलाखतीत त्याला दुजोरा दिला. पण कँटीनमध्ये केक भाजणाऱ्याला आणि चेलो वाजवणाऱ्याला कबुलीची जागा देणाऱ्या या मालिकेनं रायनला ती २००८च्या तिसऱ्या भागापर्यंत दिली नाही. लहान मुलांच्या वाहिनीवर त्या काळी ते शक्य नव्हतं हे कारण खरं असेल. त्यानं गाण्यातली पोकळी भरत नाही. ती भरायला २०१९ उजाडावं लागलं. त्या वर्षी ईस्ट हायमधली मुलं हीच संगीतिका बसवतात अशी नवी वेब मालिका आली. तिच्यात शार्पेची भूमिका सेब हा मुलगा करतो, आणि शाळेच्या होमकमिंगच्या कार्यक्रमात तो व नृत्यदिग्दर्शक कार्लोस सगळ्यांसमोर एकत्र नाचतात.