ठणका थांबला, पण दाढेचं काय?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, अगदी खरं उत्तर द्यायचं हं! घरातला मिक्सर बिघडला, तर तो दुरुस्तीला जायला किती दिवस लागतात? फार तर दोन. मुलाच्या चष्म्याची काडी मोडली, तर त्याच संध्याकाळी आपण दुकानात उभ्या असतो. आणि स्वतःची दाढ दुखायला लागली तर? मग मात्र लवंग आहे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आहेत. डावीकडे दुखतंय तर उजवीकडनं चावायचं आहे. बघता बघता महिने जातात. 'दुखणं अंगावर काढणं' हा वाक्प्रचार मी वर्गात मुलांना वाक्यात उपयोग करायला देते. पण त्याचा खरा उपयोग आपण बायकाच घरोघरी करत असतो.

मीही तेच केलं आणि त्याची शिक्षा भोगली. ती तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सांगणं.

मी राहते साताऱ्याला. सकाळी अर्धा दिवस शाळेत शिकवते, उरलेला दिवस घरचा. गेल्या पावसाळ्यात माझी खालची डावी दाढ अशी काही ठणकू लागली, की रात्री उशीला गाल टेकवेना. शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली होती. दोन-तीन खेपा घालून रूट कॅनाल झालं, ठणका थांबला. डॉक्टरांनी बजावलं, "बाई, काम अजून पुरं झालेलं नाही. दाढ आतून पोकळ झालीय. लवकर येऊन कॅप बसवून घ्या."

मी मान डोलावली खरी. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच मनात हिशेब सुरू झाला. मुलीच्या क्लासची फी भरायची होती, सासूबाईंचा चष्मा बदलायचा होता, गणपती तोंडावर आले होते. भिशीचे पैसे हाती आले, ते मुलाच्या सायकलीत गेले. आणि दाढ आता दुखत कुठं होती? दुखत नाही त्यावर पैसे घालायचे म्हणजे चैनच की! आमचे हे दोनदा म्हणाले, "अगं, जाऊन ये ना." मीच म्हटलं, "दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. २०२३ पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्ध्या दरात मिळू लागल्यापासून माझं सांगलीला माहेरी जाणं जरा वाढलंय. भाऊबीजेला कराड, पेठनाका, आष्टा करत सांगलीला पोचले. ओवाळणं झालं, गप्पा रंगल्या. वहिनीनं घरी केलेलं भडंग पुढं आलं. सांगलीत येऊन भडंगाला नाही कोण म्हणेल? दुसऱ्याच घासाला तोंडात 'कट्ट' झालं. वाटलं, खडा असेल. तळहातावर घेऊन पाहिलं, तर माझ्याच दाढेचा तुकडा!

रात्री आई नेहमीप्रमाणे कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवत होती. कवळी काढली की तिचे गाल आत जातात, ती एकदम म्हातारी दिसते. म्हणाली, "पंचेचाळिशीच्या आतच माझ्या दाढा गेल्या बघ. दुखली की काढली, दुखली की काढली. राखता येते का, हे मी विचारलं नाही नि मला कुणी सांगितलंही नाही. तुला तर सांगितलं होतं ना?"

तिच्या त्या वाक्यापुढं मला उत्तर सुचलं नाही. बी.ए. झालेली मी, दुसऱ्यांच्या मुलांना शहाणपण शिकवणारी!

दुसऱ्या दिवशी भाऊ मला सांगलीतल्याच एका दंतवैद्यांकडे घेऊन गेला. त्यांनी एक्स-रे काढला नि म्हणाले, "नशीबवान आहात. तुकडा हिरडीच्या वरच तुटलाय. तडा मुळात उतरला असता, तर दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता." नशिबावर सोडण्याची ही गोष्ट नव्हती, हे मला तेव्हा कळलं. म्हणून मी त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. जे समजलं, ते तुमच्यापुढं ठेवते.

दाढ फुटते का?

आपल्या दाताचं वरचं पांढरं कवच ही शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू. हाडाहूनही कठीण! पण तिच्यात एक उणीव आहे. हाड मोडलं तर सांधतं, कवच मात्र एकदा गेलं की पुन्हा येत नाही. कीड लागून दाढ पोखरली जाते, मग रूट कॅनालसाठी वरून भोक पाडावं लागतं. आतली दुखरी नस काढून पोकळी साफ करून भरतात, पण भोवतालच्या भिंती पातळच राहतात. रांजणाला आतून कितीही लिंपलं, तरी पातळ काठावर घाव बसला की तो फुटणारच. त्यातून दाढेवर रोजचा मारा केवढा! भाकरी, ऊस, शेंगदाणे, सुपारी. दुखणारी नसच नसल्यामुळं दाढेतला बिघाडही आपल्याला लवकर कळत नाही. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असं नव्हे!

कॅप, म्हणजे ज्याला डॉक्टर क्राऊन म्हणतात, ती दाढेवर चारी बाजूंनी बसणारी टोपी. ती भिंतींना आवळून धरते आणि चावण्याचा दाब सगळीकडे वाटून देते. अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी रूट कॅनाल झालेल्या दातांची पाहणी केली होती. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. कॅप न बसवलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट निघालं. माझ्या पायऱ्यांवरच्या हिशेबात हा आकडा धरलेलाच नव्हता!

मात्र प्रत्येक दाताला कॅप लागतेच असं नाही. लहानसा खड्डा नुसता भरून भागतो. पुढच्या दाताचं रूट कॅनाल झालं नि दात पुष्कळसा शाबूत असला, तरी कधी कधी कॅपची गरज पडत नाही. दाढेचं मात्र वेगळं. तेव्हा "माझ्या दाताला कॅप का हवी?" हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. चांगले डॉक्टर एक्स-रे समोर धरून समजावतात.

कोणती घ्यावी?

सर्वसाधारणपणे तीन प्रकार पुढं ठेवतात. एक नुसत्या धातूची. दिसायला चंदेरी, किमतीला सगळ्यांत कमी आणि अतिशय टिकाऊ. दुसरी धातूवर चिनी मातीचा थर दिलेली. ती दातासारखी दिसते, पण तो थर एखाद्या वेळी कपची उडून निघतो, आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळसर रेघ दिसू लागते. तिसरी झिर्कोनियाची. पांढरी, मजबूत नि महाग.

माझी दाढ अगदी मागची. हसले तरी दिसत नाही. आई म्हणाली, "अगं, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि चावायचे वेगळे. तुझा हा चावायचा!" मी धातूचीच घेतली. पुढच्या बाजूची असती तर कदाचित वेगळा विचार केला असता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. काही जणींना निकेल धातूची ॲलर्जी असते. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येत असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, दिवस गेलेले असणं, यांतलंही काही लपवू नका.

खुर्चीवर काय होतं?

मला भीती होती ती यंत्राच्या घरघरीची. पण जागा बधिर करतात, त्यामुळं दुखत नाही. तुटलेल्या दाढेवर आधी मसाल्यानं नवी बांधणी केली. मग चारी बाजूंनी नि वरून एक-दोन मिलिमीटर घासून कॅपला जागा केली. कणकेसारखा एक लगदा तोंडात दाबून माप घेतलं. काही दवाखान्यांत आता त्याऐवजी छोट्या कॅमेऱ्यानं माप घेतात. माप प्रयोगशाळेत जातं; तोवर तात्पुरती टोपी लावून देतात. बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नका, गरम चहाही नको. गाल चावला गेलेला कळत नाही! तात्पुरत्या टोपीवर चिक्की, डिंकाचे लाडू असलं चिकट-टणक काही नको.

आठवड्याने मी पुन्हा साताऱ्याहून एस.टी.नं आले. कॅप बसवून पाहिली. रंगीत कागद दातांखाली धरून चावायला लावतात. जिथं ठसा जास्त उमटेल तिथं घासतात. इथं भिडस्तपणा करू नका, बरं का! "जरा उंच लागतंय," असं वाटलं तर तिथल्या तिथं सांगा. 'होईल सवय' म्हणून घरी आलात, तर दाढ दुखत राहील. ठीक बसल्यावरच सिमेंटनं पक्की करतात.

बसवल्यावर विसरू नका

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या काठाखालच्या दाताला लागते. म्हणून हिरडीजवळच्या कडेवरून दोन वेळा हलक्या हातानं ब्रश फिरवायचा, फटीतून दोरा घालायचा. नीट जपली तर कॅप दहा-पंधरा वर्षं, क्वचित त्याहूनही अधिक टिकते. सुपारी फोडणं, दातानं गाठ सोडणं, बाटलीचं बूच काढणं बंद! निखळलीच, तर डबीत जपून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. घरातल्या चिकटवायच्या ट्यूबनं ती चिकटवायला जाऊ नका.

आणि एक कटू गोष्ट. आपल्या भागात कितीतरी घरांत बायका अजून मशेरी लावतात. 'त्यानं दात घट्ट राहतात' असं म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिनं हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तसंच 'एका बाळंतपणाला एक दात जातोच' हाही समज सोडा. पोटातलं मूल आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. त्या दिवसांत हिरड्या लवकर सुजतात, उलट्यांमधल्या आम्लानं दातांचं कवच झिजतं आणि धावपळीत स्वतःकडे दुर्लक्ष होतं. दात जातात ते त्यामुळं. दुखत असेल तर गरोदरपणीही डॉक्टरांना दाखवता येतं. मधले तीन महिने उपचारांना जास्त सोयीचे.

पैशांचं कसं?

हा प्रश्न खोटा नाही. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सोय आहे. कराडजवळ मलकापूरला कृष्णा रुग्णालयाच्या आवारात, सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि सांगलीजवळ कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, अशी दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, खेपा जास्त पडतात, पण खर्च बराच कमी येतो. दर आधी विचारून घ्यावेत. मात्र स्वस्त म्हणून रस्त्यावर दात बसवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. कायद्यानं दंतवैद्याला नोंदणी सक्तीची केली आहे, ती आपल्याच भल्यासाठी.

माझ्यापुरतं सांगते. वेळेवर कॅप बसवली असती, तर नवी बांधणी, दुसऱ्यांदा एक्स-रे नि सांगलीच्या खेपा, हे सगळं वाचलं असतं. काटकसर म्हणून जे टाळलं, तेच महागात पडलं. त्यातले निम्मे पैसे आईनं तिच्या डब्यातून दिले. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "घे. माझ्या दाढेसाठी बाजूला टाकले असते, तर आज मीही भडंग खाल्लं असतं."

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,' ही म्हण मी आता वर्गात शिकवते तेव्हा आईची ती वाटी डोळ्यांसमोर येते. मैत्रिणींनो, घरखर्चाच्या वहीत दूधवाला, वाणी, फी असे रकाने आपण आखतो. येत्या महिन्यात आणखी एक आखा, आणि त्यावर स्वतःचं नाव घाला. रक्कम थोडी असली तरी चालेल; पण त्या रकान्यातले पैसे सायकलीला जाऊ देऊ नका!