मामला दोन मिलिमीटरचा!

बायसेप्स किती इंचांचे झाले, हे आपण पुरुष मंडळी कुणी न विचारताही सांगतो. वीकेण्डला किती पेग रिचवले, तेही सांगतो. पण कमरेखालचा विषय निघाला, की एक तर पाचकळ जोक, नाही तर एकदम पिनड्रॉप सायलेन्स! या सायलेन्सवर पोट कोण भरतं? लोकलच्या डब्यात स्टिकर चिकटवणारे ‘गुप्तरोग तज्ज्ञ’. म्हणून दोस्तहो, आज जरा थेट बोलू या. विषय सरळसरळ प्लंबिंगचा आहे.

पाइपलाइन येते कुठून?

हृदयातून निघालेली महाधमनी पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. प्रत्येक फाट्याची एक शाखा आत ओटीपोटात वळते. तिच्यातून प्युडेंडल नावाची धमनी निघते आणि तिच्या शेवटच्या बारीक फांद्या लिंगात शिरतात.

वृषणांचं कनेक्शन मात्र वेगळं. त्यांच्या धमन्या थेट महाधमनीतून, किडनीच्या धमन्यांच्या जरा खालून निघतात. इतक्या वरून का? कारण जन्माआधी वृषणं तिथेच, किडनीजवळ तयार होतात आणि मग आपली पाइप सोबत घेऊन खाली उतरतात. कधीकधी ही दोरी अचानक पिळली जाते आणि रक्त बंद! प्रचंड दुखतं, मळमळतं. वृषण वाचवायला हाताशी साधारण सहा तास असतात. तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणत पेनकिलर घेऊन झोपू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ कॅज्युअल्टी गाठा.

एक गॅस, एक गोळी

आता ताठरतेकडे येऊ. मेंदूकडून सिग्नल आला, की नसांची टोकं आणि धमन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. धमन्या सैलावतात, रक्त आत धावतं आणि त्या दाबाने बाहेर जाणाऱ्या शिरा आवळल्या जातात. बस्स, एवढंच. हा वायू रक्तवाहिन्यांना निरोप देतो, हे शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. गंमत म्हणजे फायझर कंपनी ही गोळी आधी अंजायनासाठी, म्हणजे हृदयाच्या दुखण्यासाठी, तपासत होती. हृदय आणि खालचा मजला यांचं नातं इतकं जवळचं!

आधी बारीक पाइप तुंबते

लिंगातल्या धमनीची रुंदी जेमतेम एक ते दोन मिलिमीटर. हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. सिगरेट, शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल सगळ्याच धमन्यांचं अस्तर खराब करतात, पण बारीक पाइपची तक्रार आधी येते. छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधीसुद्धा! अमेरिकेत ओल्मस्टेड काउंटीतल्या १,४०२ पुरुषांचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. ताठरतेची तक्रार आणि पुढचा हृदयविकार यांचं नातं त्यात चाळिशीतल्या पुरुषांमध्ये सगळ्यात ठळक दिसलं.

माझा एक मित्र आयटीत आहे. वय ३४, रोज एक पाकीट सिगरेट. टपरीवर चहा घेताना खाली बघत म्हणाला, ‘‘यार, घरी प्रॉब्लेम होतोय. बायकोला वाटतंय, माझं बाहेर काही तरी आहे.’’ ऑनलाइन गोळी मागवायच्या बेतात होता. मी त्याला ओढतच फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट आले तेव्हा शुगर वाढलेली निघाली, आणि साहेबांना पत्ताच नव्हता! बायकोला त्याने ते रिपोर्टच दाखवले. त्या रात्री दोघं म्हणे बऱ्याच दिवसांनी नीट बोलले.

घाबरू नका, तपासा

एखाद्या रात्री गाडी स्टार्ट झाली नाही, म्हणजे लगेच हार्ट अटॅक येणार असं मुळीच नाही. डेडलाइन, अपुरी झोप, दारू, टेन्शन, काहीही कारण असू शकतं. पहाटे जाग येताना ताठरता असेल, तर पाइपलाइन बहुतेक ठीक आहे. पण तीही गायब असेल आणि हे काही महिने चालू असेल, तर डॉक्टरांकडे जा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. गरज पडली तर डॉपलर सोनोग्राफीत रक्ताचा वेग थेट दिसतो.

आणि हो, मित्राच्या ड्रॉवरमधली गोळी अजिबात नको. सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेणाऱ्याने व्हायग्रा घेतली, तर बीपी धाडकन कोसळून जिवावर बेतू शकतं.

सिगरेट सोडा, रोज तासभर चाला. जे हृदयाला मानवतं, तेच खालीही मानवतं. शेवटी पाणी एकाच टाकीतून येतं ना!