मांजराची ताटली

सिल्वासाला प्लास्टिक नवं नाही. २ ऑगस्ट १९५४ ला हे गाव पोर्तुगीजांच्या हातून सुटलं, तेव्हा भोवती जंगल आणि भातशेती होती. पुढे करसवलती मिळाल्या आणि आमली, मसाट, पिपरिया, रखोली, सामरवरणी असा कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. सूत आणि प्लास्टिक या इथल्या मोठ्या उद्योगांमुळे दाणा, साचा, मोल्डिंग हे शब्द ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांच्याही तोंडी असतात. अशा गावात घरी मांजर आलं की त्याच्यासाठी प्लास्टिकचा एखादा रंगीत वाडगा आणला जातो, नाहीतर श्रीखंडाचा रिकामा डबा पुढे सरकवला जातो. यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो. मांजराचं भांडं ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे असं आपल्याला वाटलेलंच नसतं, एवढंच. ती विचार करण्यासारखी आहे, आणि तो विचार एकाच प्रश्नापासून सुरू करावा असं माझं मत आहे: हे भांडं आपल्या घरात, आपल्या मोरीत, आपल्या घासणीने रोज दोनदा स्वच्छ निघेल का? धातू, आकार, खोली, किंमत हे सगळं त्यानंतर येतं. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं तर त्यातलं बरंचसं आपोआप ठरतं.

हा प्रश्न पहिला का, ते अमेरिकेतल्या एका पाहणीवरून कळतं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची साधी सूचना आहे की पाळीव प्राण्याचं जेवणाचं भांडं प्रत्येक जेवणानंतर साबण आणि गरम पाण्याने धुवावं. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४१७ कुत्रामालकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा ही सूचना माहीत असलेले लोक ५ टक्केही निघाले नाहीत. त्याच अभ्यासात काही घरांतल्या भांड्यांवरचे जिवाणू मोजले गेले, आणि सूचनेप्रमाणे कडक गरम पाण्याने धुतलेल्या भांड्यांवर ते स्पष्टपणे कमी आढळले. पाहणी कुत्र्यांची असली तरी लाळ, मांस आणि ओलावा एकत्र आले की जे होतं ते मांजराच्या भांड्यातही होतं. चाटूनपुसून लख्ख केलेल्या भांड्यावर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. तो थर म्हणजे जिवाणूंची वसाहत असते, आणि नुसतं पाणी ओतून ती निघत नाही, घासावीच लागते. आपल्याकडे तर हवाच जिवाणूंच्या बाजूची आहे. या भागात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत दोरीवरचं फडकंही वाळत नाही. माणसांच्या अन्नाबाबतचा नियम असा की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. सकाळी घातलेली मासळी दुपारपर्यंत तशीच पडून राहते, तेव्हा हा नियम किती वेळा मोडतो ते पाहावं. मांजर वास घेऊन निघून गेलं की आपण त्याला नखरेल म्हणतो. पुष्कळदा त्याचं नाक आपल्यापेक्षा आधी खरं सांगत असतं.

आता प्लास्टिककडे वळू. नवं प्लास्टिक गुळगुळीत असतं आणि पहिला महिना ते चांगलं धुतलंही जातं. अडचण आपल्या भांडी घासण्याच्या पद्धतीमुळे येते. आपण तारेची घासणी, काथ्या किंवा खरखरीत स्पंज वापरतो आणि जोर लावून घासतो. तसं घासल्याशिवाय भांडं स्वच्छ झालं असं वाटतच नाही. प्लास्टिकवर या प्रत्येक घासण्याने बारीक ओरखडे उठतात, ओरखड्यांत तेल आणि अन्न अडकतं, मग ते काढायला आणखी जोर लागतो आणि ओरखडे वाढतात. म्हणजे जितकी स्वच्छता पाळावी तितकं हे भांडं खराब होत जातं. यावर सिल्वासातला जाणकार कामगार म्हणेल की आम्ही फूड ग्रेड माल बनवतो, त्याला काय हरकत आहे? प्रश्न रास्त आहे. पण फूड ग्रेड हे प्रमाणपत्र प्लास्टिकमधून अन्नात काय उतरतं त्याबद्दल असतं. भारतात २०१८ च्या वेष्टन नियमांनी त्याची मर्यादा अन्नाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम अशी घालून दिली आहे. अन्नातून ओरखड्यात काय उतरतं आणि तिथे काय वाढतं, याबद्दल ते प्रमाणपत्र काही बोलत नाही. शिवाय बाजारात ढिगाने मिळणारे गडद रंगाचे टब कशाच्या दाण्यापासून बनले आहेत हे त्यांच्यावर बहुतेक वेळा लिहिलेलंही नसतं. मांजराच्या हनुवटीवर काळे ठिपके आणि पुळ्या येतात, तेव्हा पशुवैद्य औषधाच्या जोडीला प्लास्टिकचं भांडं बदलायला सांगतात. मांजराच्या हनुवटीखाली तेलग्रंथी असतात आणि खोल वाडग्यात खाताना नेमकी तीच जागा भांड्याच्या कडेला घासत राहते. प्रत्येक पुळीचं कारण प्लास्टिकच असतं असं सिद्ध झालेलं नाही. मात्र एक ताटली बदलून पाहायला फारसं काही लागत नाही.

चिनीमाती प्लास्टिकपेक्षा बरी, हा सर्वसाधारण समज. इंग्लंडमधल्या हार्टपरी युनिव्हर्सिटीत कुत्र्यांच्या पाण्याच्या भांड्यांवर एक अभ्यास झाला. त्यात सर्वांत जास्त जिवाणू प्लास्टिकवर सापडले खरे, पण रोगकारक जाती वारंवार सापडल्या त्या चिनीमातीच्या भांड्यांत. चिनीमातीचा वरचा चकचकीत मुलामा अखंड आहे तोवर ते भांडं चांगलं असतं. त्याला केसाएवढी चीर गेली किंवा कडेचा टवका उडाला की आतली माती उघडी पडते आणि पाणी शोषू लागते. आपल्या घरांत मांजराच्या वाट्याला येते ती नेमकी टवका उडालेली बशी, पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही म्हणून खाली आलेली. काचेची जाड बशी या बाबतीत उत्तम, फक्त फरशीवर ती किती दिवस टिकेल हा प्रश्न. उरतं ते स्टील. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि हवेशी संयोग होऊन त्याचा एक अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो. घासणीने तो खरवडला गेला तरी पुन्हा तयार होतो, आणि आपल्या पद्धतीच्या घासण्याला पुरून उरणारं भांडं हवं असेल तर हा गुण मोलाचा आहे. भांड्यांच्या दुकानात ३०४ आणि २०२ अशा दोन प्रती सांगतात. ३०४ मध्ये निकेल जास्त, म्हणून ती खारट-आंबट पदार्थांपुढे जास्त टिकते. लोहचुंबक लावून या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, कारण चुंबकाला दोन्ही जवळजवळ चिकटतच नाहीत. तेव्हा ओळखीच्या दुकानातून शिक्का पाहून घ्यावी हे बरं.

स्टीलवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. हलकी ताटली चाटताना सरकत जाते आणि फरशीवर वाजते. मांजराचे कान आपल्या कानांपेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज टिपतात, त्यामुळे ती खणखण एखाद्या बुजऱ्या मांजराला नकोशी होऊ शकते. म्हणून प्राण्यांच्या दुकानात बुडाला रबराची कडी बसवलेले वाडगे मिळतात. ही कडी निघत असेल तर ठीक. निघत नसेल तर तिच्या आड पाणी आणि अन्नाचे कण साचतात, आणि त्या वासावर झुरळं येतात. बाहेरून रंगीत मेलामाईन आणि आत बसवलेली स्टीलची वाटी असाही प्रकार असतो. त्यातल्या फटीचीही तीच गत. त्यापेक्षा साधी, जाड बुडाची ताटली घ्यावी आणि तिच्याखाली जुन्या सुती चादरीचा ओलसर तुकडा अंथरावा. सरकणं थांबतं, आवाज दबतो आणि तो तुकडाही रोज धुता येतो.

आकाराचा प्रश्न मिश्यांपाशी येतो. मांजराच्या वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना मिळून साधारण २४ लांब मिश्या असतात. त्यांची मुळं साध्या केसांच्या मुळांपेक्षा पुष्कळ खोल जातात आणि मज्जातंतूंनी वेढलेली असतात. अगदी नाकाजवळचं मांजराला स्पष्ट दिसत नाही. तिथे नाक आणि मिश्याच त्याला वाट दाखवतात. यावरूनच अरुंद वाडग्यात मिश्या कडेला लागून मांजर त्रासतं, असं अलीकडे सांगितलं जाऊ लागलं आणि मिश्यांसाठी खास म्हणून महाग ताटल्या विकल्या जाऊ लागल्या. दावा कितपत खरा? ३८ मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात नेहमीचं भांडं आणि उथळ ताटली यांत किती वेळ खाल्लं, किती खाल्लं आणि किती सांडलं यांची तुलना केली. म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मात्र दोन्ही भांडी एकदम समोर ठेवली, तेव्हा मांजरांचा कल उथळ ताटलीकडे दिसला. यातून मी एवढंच घेते की खोल वाटीने मांजर उपाशी राहत नाही, पण निवड दिली तर त्याला उथळ भांडं आवडतं. आणि उथळ भांड्याच्या बाजूने मिश्यांपेक्षा भक्कम कारण आहेच: त्याला कोपरा नसतो. बुडाशी अंधारा गोल नाही, घासणी एका फिरवणीत सगळीकडे पोचते, आत काय उरलं आहे ते उभ्यानेच दिसतं. पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरांना तर खोल वाडग्यात अख्खा चेहराच खुपसावा लागतो, आणि मग डोळ्यांखालच्या वळ्यांपासून हनुवटीपर्यंत सगळीकडे अन्न माखतं. वीतभराहून थोडी कमी रुंद आणि दोन-अडीच सेंटिमीटर उंच कडेची ताटली पुरते. मराठी घरात मांजराला पूर्वीपासून बशीतच घालत आले. बशी त्याच्या तोंडाला योग्यच होती. चुकत होतं ते तिच्यात काय घालायचं याबाबत, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही.

पाण्याचं भांडं मात्र वेगळं आणि जरा मोठं हवं. मांजर पाणी पितं कसं, हे २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उलगडलं: जिभेचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला नुसतं टेकवून ते झटक्याने वर ओढतं, त्यासरशी पाण्याचा बारीक खांब वर उठतो आणि तो कोसळण्याआधी मांजर तोंड मिटतं. हे सेकंदाला सुमारे चार वेळा चालतं. रुंद आणि काठोकाठ भरलेलं भांडं त्याला सोयीचं, अर्धं रिकामं आणि अरुंद भांडं अडचणीचं. जेवणाच्या ताटलीपासून ते थोडं दूर ठेवावं, म्हणजे त्यात अन्नाचे कण पडणार नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत सोसायटीतले लोक अशा भांड्यांवर बोट ठेवतात आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. साचलेल्या पाण्यात डासाची अंडी आठवडा-दीड आठवड्यात उडता डास होऊ शकतात. पण रोज ओतून, घासून पुन्हा भरलेल्या भांड्यात त्यांना तेवढी मुदत मिळत नाही.

एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर ताटल्याही तेवढ्याच हव्यात, आणि एकमेकींपासून लांब, शक्य तर एकमेकींच्या नजरेआड. मांजर एकट्याने शिकार करणारा, दिवसातून अनेकदा थोडंथोडं खाणारा प्राणी आहे. अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संस्थांनी २०१३ मध्ये मिळून केलेल्या मार्गदर्शनात खाणं, पाणी आणि शौचाची जागा एकाहून अधिक आणि वेगवेगळ्या ठिकाणी असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. एका ताटलीभोवती चार मांजरं बसली की आपल्याला ते प्रेमाचं दृश्य वाटतं. त्यातलं दुबळं मांजर मात्र भराभर गिळत असतं, किंवा मागे सरून बसलेलं असतं. कारखान्यांच्या आवारात, चाळींच्या मागे जे लोक मोकळ्या मांजरांना जेवू घालतात त्यांना प्रत्येकासाठी स्टीलची ताटली ठेवणं जमणार नाही. ती चोरीलाही जाईल. तिथे मला पळसाच्या पानांची पत्रावळ सगळ्यांत योग्य वाटते. या पट्ट्यात ती मुळीच नवी नाही. सपाट असते, एकदाच वापरायची असते आणि शेवटी मातीत जाते. खाऊन झाल्यावर ती तिथून उचलली तर शेजाऱ्यांची निम्मी तक्रार मिटते.

आता एक आक्षेप फारसा उघड बोलला जात नाही, पण बहुतेक घरांतल्या अस्वच्छतेचं मूळ त्यातच आहे. मांजराचं भांडं माणसांच्या भांड्यांत घासायला अनेकांना नको वाटतं. ही भावना समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम असा होतो की ते भांडं कोणत्याच भांड्यांत घासलं जात नाही. जिन्याखाली पडून राहतं आणि त्यावर फार तर तांब्याभर पाणी ओतलं जातं. घरात म्हातारी माणसं किंवा रांगणारं मूल असेल तर हेच भांडं घरातलं सगळ्यांत धोक्याचं ठरतं. यावर उपाय दोन सारख्या ताटल्यांचा. एक वापरात असताना दुसरी धुऊन, पुसून, कोरडी होत उभी. त्यांची घासणी वेगळी, तिला खिळा वेगळा, आणि धुण्याची जागा न्हाणीतला नळ. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून ताटली पुसूनच कोरडी करावी लागते. ओल्या ताटलीवर ताटली ठेवली तर घासण्याची मेहनत वाया जाते. दोन स्टीलच्या ताटल्यांचा खर्च एका नक्षीदार वाडग्याहून सहसा जास्त होत नाही.

राहिल्या मुंग्या. पाऊस सुरू झाला की त्या ताटलीपाशी पोचणारच, आणि मग कोणीतरी खडू आणून भोवती रेघ ओढतं. हे मुळीच करू नये. अशा खडूंत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. मांजराचं यकृत ती लवकर निकामी करू शकत नाही, आणि या गटातल्या परमेथ्रिनने तर मांजरं दगावतात. रेघेवर पडलेला पंजा मांजर थोड्या वेळाने चाटणारच असतं. आपल्या आज्या दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवत, तेच इथे करावं: पसरट परात, तिच्यात बोटभर पाणी, मधोमध पालथी घातलेली जड वाटी आणि तिच्यावर ताटली. परात फार रुंद घेऊ नये, नाहीतर मांजराला मान ताणावी लागते. ताटलीच्या कडेबाहेर चार बोटं पाणी दिसलं तरी मुंगी अडते. जेवण आटोपलं की ताटलीबरोबर परातीतलं पाणीही ओतून द्यावं.