येणाऱ्याची वाट आणि आजचे काम

नाताळ जवळ आला की जळगाव-धुळ्याकडील ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या दिसू लागतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांचा अर्थ ठाऊक असतो. दोन हजार वर्षांपूर्वी बेथलेहेमात जन्मलेल्या बालकाची ती आठवण. परंतु अनेक ख्रिस्ती पंथांत नाताळापूर्वीच्या चार रविवारांना 'आगमनकाळ' म्हणतात, आणि त्या काळातील उपासनेचा रोख जितका मागे तितकाच पुढेही असतो. जो एकदा आला तो पुन्हा येणार आहे, आणि तो कोणत्याही दिवशी येऊ शकेल, ही त्यामागची श्रद्धा. प्रभुभोजनाचा विधीदेखील 'तो येईपर्यंत' करावयाचा असतो. प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या ओठी 'मारानाथा' हा अरामी शब्द होता. 'आमच्या प्रभो, ये' असा त्याचा अर्थ. पौलाने ग्रीक भाषेत पत्र लिहिले, पण हा शब्द मात्र त्याने जसाच्या तसा ठेवला.

या श्रद्धेविषयी बाहेरच्या माणसाच्या मनात एक साधी शंका येते. जगाचा शेवट कदाचित उद्यावर आला आहे असे ज्याला मनापासून वाटते, तो आज शेत कशाला नांगरील? शाळा कशाला काढील? पोरक्या मुलाला वाढविण्याचा खटाटोप कशाला करील? शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. खानदेशाच्या इतिहासातच ते काही अंशी सापडते.

घाईने आलेली माणसे

1906 साली खानदेश जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाली. पूर्वेकडच्या भुसावळ-जळगाव भागात ज्या मिशनचे कार्य वाढले, ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. 1887 साली ए. बी. सिम्प्सन या मूळच्या कॅनडातील धर्मोपदेशकाने अमेरिकेत त्याचा पाया घातला. त्याची शिकवण चार शब्दांत मांडली जाई : तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा. संस्थेच्या बोधचिन्हात क्रूस, गंगाळ व तेलाचे पात्र यांच्या जोडीला मुकुट आहे, तो या चौथ्या शब्दासाठी. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश व स्कँडिनेव्हियन अलायन्सचे लोक आले. त्यांचा प्रेरणास्रोत होता फ्रेडरिक फ्रान्सन. ख्रिस्ताचे पुनरागमन समीप आहे, या विश्वासाने झपाटलेला हा स्वीडिश-अमेरिकन प्रचारक देशोदेशी हिंडला.

ही मंडळी इतक्या दूर का आली? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात असा आशय आहे की, राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांत गाजविली जाईल आणि मग शेवट होईल. सिम्प्सनसारख्यांनी यातून एक कर्तव्य काढले. सुवार्ता जितक्या लवकर सर्वत्र पोहोचेल, तितका प्रभूचा दिवस जवळ येईल. या घाईला एक अप्रिय बाजूही होती. ज्याला वेळ थोडा वाटतो त्याला समोरच्या समाजाची श्रद्धा, गाणी, देवदेवके समजून घेण्यास सवड नसते. मिशनांवर झालेली ही टीका डावलण्यासारखी नाही.

पण दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्यांना वेळ थोडा वाटत होता, त्यांनीच दीर्घकाळ चिकाटी लागणारी कामे हाती घेतली. मराठी शिकावयास वर्षे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांत याच अलायन्स मिशनने वऱ्हाडात अकोला व खामगाव येथे अनाथ मुलामुलींना आसरा दिला. पाच वर्षांचे मूल आपल्या पायावर उभे करावयाचे तर पंधरा वर्षे मोजावी लागतात. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजही आदिवासी रुग्णांची सेवा करीत आहे. 'आज रात्रीच तो येईल' असे म्हणणारा माणूस विहीर खणतो, मुळाक्षरे गिरवून घेतो, जखम धुतो, ही विसंगती म्हणावयाची की श्रद्धेचे खरे स्वरूप?

तारीख सांगणारे

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी, जिथे ही वाट पाहणे बिघडले ती उदाहरणे पाहावीत. अमेरिकेतील विल्यम मिलर याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस निश्चित धरला. काही शेतकऱ्यांनी उभे पीक काढले नाही. तो दिवस मावळला, आणि इतिहासाने त्याला 'महानिराशा' हे नाव दिले. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ स्थापला. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ त्याच पंथाचे. त्यांनी 'येणे' सोडले नाही, तारीख मात्र सोडली. तरीही 2011 साली हॅरल्ड कॅम्पिंग नावाच्या अमेरिकन नभोवाणी-उपदेशकाने 21 मे ही तारीख जगभर फलकांवर झळकविली. तो दिवसही इतर दिवसांसारखाच गेला.

वस्तुतः ज्या अध्यायाच्या आधारे ही गणिते मांडली जातात, त्याच अध्यायात तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही असे स्पष्ट सांगितले आहे. आमच्या शिक्षक-वाचकांना याचे मर्म चटकन कळेल. तपासणीची तारीख आधी कळली की शाळेला रंग लागतो, दप्तरे एका रात्रीत अद्ययावत होतात, मुलांची उत्तरे पाठ करून घेतली जातात. तारीख न कळता तपासणी होणार असेल तर एकच उपाय उरतो. शाळा रोजच नीट चालविणे. तारीख गुप्त ठेवण्यात हाच हेतू असावा.

थेस्सलनीकाच्या मंडळीतही काहीजण काम सोडून बसले होते. पौलाने त्यांना खडसावले की, ज्याला काम करावयाचे नाही त्याने खाऊही नये. तो स्वतः राहुट्या करून पोट भरीत असे. उद्याची आशा ही आजच्या आळसाची सबब होऊ शकत नाही, हा धडा ख्रिस्ती धर्माने जवळजवळ जन्मतःच घेतला.

पुंडलिकाची वीट

ही कल्पना आपल्या भूमीला परकी आहे काय? 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आठव्या अध्यायावरील प्रवचनाचा विषय होता प्रयाण-साधना. अखेरचा क्षण गोड व्हावयाचा असेल तर प्रत्येक क्षण तसा घडविला पाहिजे, हा त्याचा मथितार्थ. तेथे शेवट एका माणसाचा आहे, येथे साऱ्या जगाचा. हा भेद लहान नाही. परंतु शेवटाची आठवण ठेवून आजचा दिवस जगावा, ही शिकवण दोन्हीकडे आहे.

याहून बोलके उदाहरण पुंडलिकाचे. देव दाराशी आला असता तो आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे सारली आणि देवाला थांबावयास सांगितले. देव रागावला नाही, उभा राहिला. ख्रिस्ताच्या दाखल्यातही धनी अवेळी परततो, तेव्हा जागा असलेला चाकर धन्य ठरतो. लूकच्या शुभवर्तमानात तर असा धनी स्वतःच कंबर बांधून चाकरांना वाढावयास उभा राहतो. एकीकडे भक्त वाट पाहतो, दुसरीकडे देव. पण भेटीच्या वेळी भक्ताचे हात कामात असावेत, यावर दोघांचे एकमत आहे.

आज या श्रद्धेला धोका आहे तो दोन बाजूंनी. एक, ती केवळ अंत्यविधीपुरती उरण्याचा. मिशनरी परत गेले, मंडळ्या स्थिरावल्या, पिढ्या बदलल्या, आणि संस्था जुनी झाली की आशेची ऊब कमी होते. हा अनुभव कोणत्याच धर्माला नवा नाही. दुसरा धोका अधिक गंभीर. 'न्याय करणारा येणारच आहे, तोवर सोसा' असे पीडिताला सांगण्याची सोय या श्रद्धेत शोधली जाते. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, दहा कुमारींच्या व रुपयांच्या दाखल्यांनंतर जो न्यायनिवाडा येतो, त्यात राजा काय विचारतो? भुकेल्याला अन्न दिलेस काय? उघड्याला वस्त्र दिलेस काय? आजाऱ्याकडे, बंदिवानाकडे गेलास काय? परीक्षेची तारीख गुप्त आहे, प्रश्नपत्रिका मात्र आधीच जाहीर झालेली आहे. तिच्यात 'तू किती सोसलेस' हा प्रश्न नाही.

म्हणून ख्रिस्ती शेजाऱ्याच्या दारावरील चांदणीकडे पाहताना एवढे ध्यानी घ्यावे की, ती गतकाळाच्या स्मृतीबरोबर एका अपुऱ्या राहिलेल्या कामाचीही खूण आहे. तो येईल की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण कोणीतरी आज संध्याकाळी येऊन हिशेब मागणार आहे असे समजून वर्गात शिकविणारा शिक्षक, टेबलावरची फाईल उद्यावर न ढकलणारा कारकून आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारा विद्यार्थी, यांची गरज आपल्या गावाला उद्या नव्हे, आजच आहे.