घरातला बल्ब वारंवार का उडतो?



कापसावरची अळी, भाताचे बियाणे आणि खताचा दुसरा हप्ता यांच्या जोडीला चिंचपाडा भागातल्या पाड्यांवर आणखी एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, आमच्या घरात बल्ब टिकतच नाही." बाजाराच्या दिवशी आणलेला बल्ब पुढच्या बाजारापर्यंत जळून जातो. मग दुकानदाराला बोल लावायचा आणि नवा बल्ब आणायचा, असे वर्षभर चालते. हा प्रश्न शेतीचा नाही असे म्हणून सोडून देता येत नाही. त्याच तारेवर आपली मोटर चालते, पोरांचा अभ्यास होतो, आणि नवापूर तालुक्यात कित्येकांची कोंबडीची पिल्लेही त्याच उजेडाच्या उबेवर जगतात. शिवाय काही वेळा बल्ब उडणे ही जिवाच्या धोक्याची आगाऊ सूचना असते. ती ओळखता यावी म्हणून हे पत्रक.

सर्वप्रथम एकच गोष्ट पाहावी: बल्ब जातो तो कुठे? एकाच जागेवरचा जातो, अख्ख्या घरातले जातात, की ओळीतल्या चार घरांतले एकाच वेळी जातात? निम्मे निदान इथेच होते.

एकाच जागेवरचा जात असेल

तर दोष बहुधा होल्डरमध्ये असतो. होल्डरच्या आतल्या दोन पितळी पिनांना स्प्रिंग असते. उष्णतेने स्प्रिंगचा जोर जातो, पिन बल्बला नीट टेकत नाही, ठिणगी पडते आणि चर्र असा बारीक आवाज येतो. बल्ब काढून त्याच्या बुडाकडे पाहा. तिथे काळे खड्डे पडलेले दिसले तर नवा बल्बही टिकणार नाही. होल्डर बदलून टाकावा; कानशीने घासून पुन्हा बसवण्याची काटकसर करू नये. बटण आणि छताची चौकी यांतले स्क्रूही आवळून घ्यावेत. ही कामे मेन स्विच बंद करूनच करावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही. पुष्कळ घरांत बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असते, आणि मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट राहतो. बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब रात्री मंद मिणमिणत असेल, तर हीच शंका आधी घ्यावी.

जळालेला बल्ब फेकण्याआधी जरा निरखून पाहावा. तारेच्या बल्बची काच आतून काळी झाली असेल, तर तो आपले आयुष्य संपवून गेला किंवा जादा दाबाने लवकर संपला. आत पांढरी भुकटी दिसली तर काचेतून हवा शिरली, म्हणजे मालच खराब. तिथे दुकानदाराशी भांडायला हरकत नाही. काच स्वच्छ आणि तार तुटलेली असेल तर हादरा हे कारण असू शकते. माळ्यावर पोती आपटत असतील, तर त्याच तुळईला बल्ब टांगू नये.

एलईडी बल्बचे दुखणे वेगळे. त्याच्या बुडात एक छोटे यंत्र असते आणि ते उष्णतेने मरते. पत्र्याच्या छताला अगदी चिकटून किंवा बंद काचेच्या भांड्यात लावलेला एलईडी म्हणूनच लवकर जातो. त्याला खाली मोकळ्या हवेत लोंबू द्यावे. चुलीच्या धुराची काजळीही महिन्यातून एकदा, बल्ब थंड असताना, कोरड्या फडक्याने पुसावी.

अख्ख्या घरातले जात असतील

तर विजेच्या दाबाचा संशय घ्यावा. घरगुती वीज 230 व्होल्टची असते. ती सहा टक्के खाली-वर होणे चालते, म्हणजे साधारण 216 ते 244. साधा तारेचा बल्ब सुमारे 1000 तास जळावा अशा हिशेबाने बनवतात. रोज पाच तास म्हटले तर साडेसहा महिने झाले. पण दाब नुसता पाच टक्क्यांनी वाढला तर हे आयुष्य निम्म्यावर येते, आणि दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे 253 व्होल्ट झाला, तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली जाते. उजेड मात्र झक्क पडतो. "आज लाईट चांगली आहे" असे आपण म्हणतो, तेव्हाच बल्ब आपले आयुष्य भराभर खर्च करत असतो.

दाब वाढतो कधी? जिथे घरे आणि मोटारी एकाच डीपीवर आहेत, तिथे सगळ्या मोटारी बंद झाल्या की भार हलका होतो आणि दाब चढतो. डीपीच्या जवळच्या घरांना हे जास्त जाणवते. लाईट गेली असता बटणे बंद करावीत आणि परत आल्यावर दोन-चार मिनिटे थांबूनच लावावीत, कारण येतानाचा झटका वाईट. दाब मोजायचा तर वायरमनकडून मीटरने मोजून घ्यावा: एकदा दिवेलागणीला, एकदा रात्री उशिरा, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. टेस्टरने हे कळत नाही. तो 150 व्होल्टवर जसा पेटतो तसाच 300 वरही पेटतो.

ओळीतल्या घरांतले एकाच वेळी जात असतील

तर बंधूंनो, इथे मात्र नीट लक्ष द्या. डीपीतून चार तारा निघतात: तीन फेज आणि एक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजांमध्ये 400 असतात. आपल्या घरात एक फेज आणि न्यूट्रल येते, शेजाऱ्याच्या घरात दुसरी फेज आणि तीच न्यूट्रल.

असे समजा की तीन बैल तीन दिशांना तोंड करून उभे आहेत आणि त्यांचे दोर मध्ये एका खुंट्याला बांधले आहेत. खुंटा घट्ट आहे तोवर दांडगा बैल आणि अशक्त बैल आपापल्या जागी. खुंटा उपटला की दोरांची गाठ दांडग्याकडे सरकते आणि अशक्ताचे गाठीपासूनचे अंतर वाढत जाते. न्यूट्रल म्हणजे तो खुंटा, आणि ते अंतर म्हणजे दाब. ज्या फेजवर इस्त्री, फ्रीज, गिरणी असा भार जास्त तिथला दाब उतरतो. ज्या घरात रात्री एकच बल्ब जळतो आहे, त्या बिचाऱ्यावर 300-350 व्होल्ट येऊन बसतात. म्हणून न्यूट्रल सुटली की ज्याचा वापर कमी त्याचेच नुकसान जास्त. हा अन्याय खरा, पण विजेला तो कळत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. शेजाऱ्याकडचा दिवा मंद झाला आणि त्याच क्षणी आपला भकभक तेजाने पेटला, तर सामायिक न्यूट्रल ढिली झाली किंवा तुटली आहे असे समजावे. आपल्याच घरात इस्त्री लावल्यावर दिवे मंद होत असतील, तर दोष बहुधा आपल्या खांबावरच्या जोडात आहे. खांबावरच्या अॅल्युमिनियमच्या तारेला घराची तांब्याची तार नुसती पिळून जोडली की पावसाळ्यात तो जोड गंजतो आणि सैल पडतो. आकडे टाकून टाकून तारा चाळवल्या जातात, हेही एक कारण आहे. ते कोणाला सांगायला आवडत नाही इतकेच.

अशी खूण दिसताच मेन स्विच ताबडतोब बंद करावा. नंतर बल्ब किती गेले ते मोजावे. न्यूट्रलमध्ये करंट नसतो ही समजूत जीव घेते. तुटलेल्या न्यूट्रलच्या घराकडच्या टोकाला, घरातला दिवा चालू असेल तर, फेजसारखाच करंट असतो. दाराशी लोंबणारी तार कोणतीही असो, तिला हात लावू नये, काठीनेही सारू नये. पोरांना आणि गुरांना लांब ठेवावे.

न्यूट्रल गेली की काही जण जमिनीत सळई ठोकून तिच्यावर बल्ब पेटवतात. बल्ब पेटतो हे खरे, पण सळईभोवतालच्या ओल्या जमिनीत करंट पसरतो. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे माणसाला जो झटका नुसता जाणवतो तो बैलाला आडवा पाडू शकतो. हा उद्योग अजिबात करू नये. तसेच डीपीची पेटी उघडून स्वतः फ्यूज टाकणे. पाण्याची पाळी हातची जाते म्हणून शेतकरी डीपीला हात घालतो, हे मला माहीत आहे. तरी माझे मत बदलत नाही: एक पाळी चुकली तर पीक सावरता येते.

पिल्ले पाळणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायचे. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. म्हणून ब्रूडरमध्ये तारेचेच बल्ब लागतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 95 अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब हवी. मध्यरात्री बल्ब गेले तर पिल्ले एकावर एक चढून गुदमरतात. तेव्हा सगळे बल्ब एका तारेवर न लावता दोन तारांवर वाटून लावावेत, होल्डर चिनी मातीचे घ्यावेत आणि 240 व्होल्ट छापलेले बल्ब मिळाले तर तेच घ्यावेत. मेन स्विचपाशी जादा दाब येताच वीज तोडणारे यंत्र बसवून मिळते. शेडवाल्यांनी तो खर्च करावा, पण उबेसाठी कोळशाची शेगडीही तयार ठेवावी आणि ती पेटवल्यावर धूर कोंडू देऊ नये. ईएलसीबी झटक्यापासून वाचवते, जादा दाबापासून नाही. दोन्हींत गल्लत नको.

तक्रार महावितरणच्या 1912 या क्रमांकावर करता येते, ती कोणत्याही वेळी. नुसते "लाईट खराब आहे" असे सांगू नये. डीपी कोणती, खांब कोणता, किती घरांत बल्ब गेले, किती वाजता, शेजारी मंद आणि आपल्याकडे तेज असे झाले का, हे सगळे सांगावे आणि "न्यूट्रल तुटल्याचा संशय आहे" हे शब्द मुद्दाम वापरावेत. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. चार घरांनी मिळून सही केलेला अर्ज कार्यालयात दिला तर त्याची एक प्रत शिक्का मारून परत घ्यावी, आणि लाईनमन जोड दुरुस्त करून जाईपर्यंत ओळीतल्या कोणत्याही घराचा मेन स्विच चालू करू नये.